गोष्ट आठवते, मुद्दा आठवत नाही

वाचकाचं पत्र: “मी परिचारिका आहे. लहान मुलांच्या आयांसाठी दर महिन्याला एक आरोग्यलेख लिहिते. आधी नुसती माहिती लिहायचे, ती कोणी शेवटपर्यंत वाचत नसे. मग कोणीतरी सुचवलं, गोष्टीतून सांगा. मागच्या वेळी जुलाब आणि ओआरएस (क्षार-ग्लुकोजची पुडी पाण्यात मिसळून केलेलं पेय) यांवर लिहिताना सुरुवातीला चिंगी नावाच्या मुलीची गोष्ट घातली. लेख आवडला असं पुष्कळजणींनी सांगितलं. आठवडाभराने सहज विचारलं तर सगळ्यांना चिंगी आठवत होती, तिचं फुलपाखरू आठवत होतं. पण ओआरएस पाजल्यावर मुलाला उलटी झाली तर काय करायचं, हे एकीलाही सांगता आलं नाही. एकीने तर ‘शेवटी उपदेश केलातच’ असंही ऐकवलं. गोष्टीचा नाद सोडून द्यावा का?”

नमस्कार,

गोष्ट सोडू नका. आठवडाभराने विचारून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लिहिणारे ‘छान झालाय लेख’ एवढ्यावर समाधान मानतात आणि वाचकाच्या डोक्यात काय उरलं ते त्यांना कधी कळतच नाही. तुम्हाला कळलं आहे, म्हणून पुढचं बोलणं सोपं आहे.

तुम्ही पाठवलेल्या लेखातला हा भाग पाहा: “चिंगी नावाची एक गोड मुलगी होती. तिला फुलपाखरं फार आवडायची. एकदा तिला जुलाब लागले. आई घाबरली. तेवढ्यात डॉक्टरकाका आले आणि म्हणाले, ‘जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होतात, म्हणून ओआरएस द्यावं. उलटी झाल्यास थोडं थांबून पुन्हा द्यावं.’ चिंगी बरी झाली आणि पुन्हा फुलपाखरांमागे धावू लागली. तात्पर्य, जुलाबात ओआरएस थांबवू नये.”

आता डॉक्टरकाकांचं बोलणं बोटाने झाकून पुन्हा वाचा. चिंगी आजारी पडते, डॉक्टर येतात, ती बरी होते. काहीच अडलं नाही. जी माहिती काढून घेतली तरी गोष्ट सुरळीत चालते, ती माहिती वाचकाच्या मनातूनही तितक्याच सहज निघून जाते. कुठलीही शिकवणारी गोष्ट आधी या कसोटीवर घासून बघावी. माहिती झाकली की गोष्ट कोसळली पाहिजे.

गोष्टीमुळे लक्षात राहतं हे खरंच आहे, पण ते कशामुळे हे नीट समजून घ्यायला हवं. गॉर्डन बाउअर आणि मायकेल क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांशी संबंध नसलेल्या १० शब्दांची एक, अशा १२ याद्या त्यांनी विद्यार्थ्यांना पाठ करायला दिल्या. एका गटाला सांगितलं, प्रत्येक यादीतले शब्द गुंफून गोष्ट रचा. दुसऱ्या गटाने तेवढ्याच वेळात नेहमीसारखं पाठांतर केलं. शेवटी सगळ्या याद्या आठवायला सांगितल्यावर गोष्टवाल्या गटाला सरासरी ९३ टक्के शब्द आठवले, दुसऱ्याला १३ टक्के. हा आकडा गोष्टीच्या बाजूने सारखा सांगितला जातो. त्यात एक बारकावा आहे, तो मात्र सहसा सुटतो. तिथे लक्षात ठेवायचे शब्दच गोष्टीचे सांधे होते. शब्द बाजूला आणि गोष्ट बाजूला असं नव्हतं.

बाजूला ठेवलेल्या रंजक मजकुराचं काय होतं, तेही तपासून झालं आहे. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये आकाशातली वीज कशी तयार होते यावरचा उतारा विद्यार्थ्यांना दिला. काहींच्या उताऱ्यात विजेबद्दलच्या चटकदार पण मूळ प्रक्रियेशी संबंध नसलेल्या गोष्टी पेरल्या होत्या. त्या विद्यार्थ्यांना मुख्य मुद्दे कमी आठवले आणि शिकलेलं वापरून प्रश्न सोडवणंही कमी जमलं. असा मजकूर सुरुवातीला ठेवला तेव्हा शेवटी ठेवण्यापेक्षा जास्त नुकसान झालं, कारण वाचक पुढचं सगळं त्या पहिल्या चित्राच्या आधाराने लावू पाहतो. तुमचं फुलपाखरू पहिल्याच ओळीत आहे. वाचकांनी लेख फुलपाखराचा म्हणून वाचला, यात त्यांची काही चूक नाही.

तेव्हा गोष्ट कुठून सुरू करायची? पात्रापासून करू नका. आधी एका कागदावर एक वाक्य लिहा: ‘हा लेख वाचलेली बाई अमुक क्षणी अमुक करेल.’ ‘ओआरएसचं महत्त्व कळेल’ हे वाक्य चालणार नाही, त्यात ना क्षण आहे ना कृती. ‘ओआरएस पाजल्यावर मुलाला उलटी झाली, तर ती दहा मिनिटं थांबेल आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक-एक चमचा देत राहील’ हे वाक्य चालतं. त्यात घड्याळ आहे, चमचा आहे आणि ‘आता काय करू’ असा प्रश्न पडण्याची जागा आहे. हे वाक्य सापडेपर्यंत गोष्ट लिहायला घेऊ नका. इथे अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या, पुढचं काम त्याने हलकं होतं.

दुसरं, त्या क्षणी लोक नेमकी कुठली चूक करतात आणि त्या चुकीमागे त्यांचं काय कारण असतं, ते शोधा. हे तुम्हाला कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असणार, कारण ती माणसं रोज तुमच्यासमोर बसतात. इथे लिहिणारे नेहमी एक घात करतात. चूक करणारं पात्र अडाणी, हट्टी, बहुतेक वेळा म्हातारं असतं आणि बरोबर वागणारं तरुण, शिकलेलं. तुमच्या वाचकांत ती आजीही असते. गोष्टीत आपली अक्कल काढली जाते आहे हे तिला दुसऱ्या ओळीत कळतं आणि तिचं वाचणं तिथेच संपतं. खरं पाहता आजीचं म्हणणं बिनबुडाचं नसतं. पाजलं आणि उलटी झाली, म्हणजे पोटाला सोसत नाही, हा तर्क डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीवरून काढलेला आहे. जुलाब बरेचदा आपोआप थांबतात, त्यामुळे ‘पोट रिकामं ठेवलं आणि बरं वाटलं’ असा अनुभवही तिच्या गाठीशी असतो. ही बाजू पूर्ण ताकदीने मांडा. चुकीच्या बाजूत दम असेल तरच वाचक मनात दोन्हीकडे डोलतो, आणि तो डोलतो तेवढ्या वेळात शिकतो.

या दोन गोष्टी हाती आल्या की गोष्ट निर्णयाच्या अगदी तोंडाशी सुरू करा. मूल गोड होतं, त्याला काय आवडायचं, घर कसं होतं, यातलं काही नको. तुमच्याच विषयावर असा एक प्रसंग लिहून दाखवते:

“अर्धा पेला पाणी पोटात गेलं आणि तसंच्या तसं बाहेर आलं. सासूबाईंनी सुमनच्या हातातून पेला काढून घेतला.

‘पाहिलंस? पोटाला सोसत नाहीये. आता काही देऊ नकोस. धाकट्याच्या वेळी मी दिवसभर पोट रिकामं ठेवलं होतं, तेव्हा कुठे थांबलं.’

बाळ पेल्याकडे बघत होतं. ओठांवरून जीभ फिरवत होतं.

‘तहान लागलीय त्याला, आई.’

‘लागू दे. दिलंस की परत ओकेल.’

तेही खरंच होतं. आत्ताच तर ओकलं होतं. सुमनने पातेल्यावर झाकण ठेवलं. पुडी हातात देताना परिचारिका म्हणाली होती, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, बंद नका करू. सुमन घड्याळासमोर बसून राहिली. दहा मिनिटं झाली तशी तिने पेल्याऐवजी चमचा घेतला. एक चमचा. मग घड्याळ. दोन-तीन मिनिटांनी आणखी एक. चौथ्या चमच्याला बाळाला ठसका लागला, तशा सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. पाणी पोटातच राहिलं.

बऱ्याच वेळाने त्या जवळ येऊन बसल्या. ‘आण तो चमचा. तू जरा पाठ टेक. दोन मिनिटांनी ना?’

‘दोन-तीन.’”

याला हीच कसोटी लावून बघा. दहा मिनिटं आणि चमचा काढून टाका, गोष्टीला पुढे जाताच येत नाही. सासूबाई आणि सुमन यांच्यातला पेच सुटतो तो नेमका याच माहितीने. मुद्दा दोनदा येतो, पण दुसऱ्यांदा तो सासूबाईंच्या प्रश्नातून येतो, त्यामुळे उजळणी होते आणि उपदेश वाटत नाही. सासूबाई हरल्या असंही कुठे म्हटलेलं नाही, त्यांनी चमचा मागितला एवढंच. माणसं मत बदलतात तेव्हा कबुली क्वचितच देतात, हातांनी काहीतरी करू लागतात. लेखात तेवढंच दाखवावं.

डॉक्टरकाका मात्र गेले, आणि ते कायमचेच जाऊ द्या. ऐन वेळी सर्वज्ञ माणूस येऊन समजावून सांगतो, ही आरोग्यलेखनातली सगळ्यात जुनी खोड आहे. त्याच्या येण्याने पात्राचा निर्णय दुसराच कोणीतरी घेतो, आणि वाचकाच्या घरी त्या रात्री डॉक्टरकाका नसतात. माहिती आधी कधीतरी पात्राच्या कानावर पडलेली असावी आणि पेचाच्या क्षणी तिला ती आठवावी. वाचकालाही हेच करायचं आहे: वाचायचं आज, वापरायचं कधीतरी.

आता मापाबद्दल. लेख ८०० शब्दांचा असेल तर प्रसंगाला २०० ते ३०० शब्द द्या, त्यात पात्रं दोन, पेच एक आणि माहितीचे तुकडे फार तर तीन. वरच्या प्रसंगात तीनच आहेत: दहा मिनिटं थांबणं, पेल्याऐवजी चमचा, दोन-तीन मिनिटांचं अंतर. हात धुणं, पाणी उकळणं, झिंक हे सगळं त्यात कोंबायचा मोह होईल. चौथा तुकडा घातलात की पात्रं एकमेकांशी बोलायचं सोडून वाचकाशी बोलू लागतात. ‘तुला माहीतच आहे की जुलाबात क्षार कमी होतात’ असं वाक्य कुठल्याही घरात कोणी बोलत नाही. संवाद मोठ्याने वाचून पाहा, अशी वाक्यं जिभेला लगेच अडतात. आणि दोन घटनांच्या मध्ये ‘मग’ म्हणावं लागतं की ‘म्हणून’ किंवा ‘पण’, तेही तपासा. चिंगीच्या गोष्टीत सगळीकडे ‘मग’ आहे. कार्यकारणाने जोडलेल्या घटना लक्षात राहतात, नुसत्या एकापुढे एक मांडलेल्या गळून पडतात.

तात्पर्य काढून टाका. त्याच्या जागी काहीही नको. प्रसंगानंतर एक ओळ मोकळी सोडा आणि थेट ‘असं का?’ म्हणून कारण सांगा: उलटी झाली तरी पाजलेल्यातलं काही पाणी आतड्यात पोचलेलं असतं, एकदम पोटभर पाजलं की पुन्हा उलटीचा संभव वाढतो, थोडं थोडं दिलं की टिकतं, ओआरएसमधल्या ग्लुकोजबरोबर आतडं क्षार शोषून घेतं आणि त्यामागे पाणी जातं. हे वाचायची भूक वाचकाला आता लागलेली असते, कारण चमचा का चालला हे त्याला जाणून घ्यायचं आहे. तुमच्या आधीच्या लेखात हेच स्पष्टीकरण प्रश्न पडायच्या आधी आलं होतं.

मनाला भिडण्याचं काय, असं तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण ‘गोड मुलगी’ या शब्दांत ती धडपड दिसते. विशेषणांनी काळीज हलत नाही. ओठांवरून फिरणारी जीभ हलवते, कारण ती तहानेची खूण आहे आणि वाचकाने ती स्वतः ओळखलेली असते. असा एक नेमका तपशील पुरतो, आणि तो मुद्द्याच्या कामाचा असेल तर फुलपाखरासारखा लक्ष पळवत नाही. आकड्यांच्या बाबतीतही हात आखडता ठेवा. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एका मुलीची माहिती वाचून लोकांनी जेवढी मदत दिली ती लाखो उपाशी माणसांची आकडेवारी वाचून दिलेल्या मदतीच्या दुपटीहून जास्त होती. आणि मुलीची माहिती आकडेवारीसकट दिली तेव्हा मदत पुन्हा खाली आली. प्रसंगात म्हणून आकडे फक्त हाताने मोजता येणारे ठेवा, चमचा, मिनिटं, लिटर. किती मुलं दगावतात वगैरे आकडे लेखाच्या वेगळ्या भागात, लागलेच तर.

याच्या उलट बाजूचीही काळजी घ्यायला हवी. गोष्ट इतकी पटते की एकच प्रसंग वाचकाला नियम वाटू लागतो. म्हणून नेहमी घडणारा प्रसंग निवडा, लाखात एखाद्या वेळी घडणारा थरारक नको. आणि गोष्ट तुम्हाला नको असलेलंही शिकवून जाते. १९८४-८५ मध्ये दूरदर्शनवर गाजलेली ‘हम लोग’ ही मालिका लोकांपर्यंत सामाजिक विचार पोचवावेत म्हणून मुद्दाम रचलेली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन मुद्दा उलगडूनही सांगत. तरी सगळं मुकाट सोसणारी भागवंती, जी ‘असं वागू नये’ यासाठी रंगवली होती, ती पुष्कळ प्रेक्षकांना आदर्श वाटली. लोकांनी तिच्या सोसण्यातला चांगुलपणा पाहिला. शेवटच्या निवेदनाने तो पुसला गेला नाही.

तुमच्या लेखात हा धोका शेवटात आहे. चिंगी बरी झाली, माझ्या प्रसंगातलं पाणीही पोटात राहिलं. वाचणारी बाई यावरून ‘चमच्याने दिलं की घरीच बरं होतं’ असं धरून बसली तर ते मुलाच्या जिवावर बेतेल. म्हणून प्रसंगाला लागून ठळक चौकट हवीच, गोष्टीबाहेर, साध्या आज्ञार्थी वाक्यांत: चमच्याने देऊनही प्रत्येक वेळी उलटी होत असेल, मूल पाणी पिऊ शकत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल, डोळे खोल गेले असतील, शौचात रक्त दिसत असेल, तर लगेच दवाखान्यात न्या आणि वाटेतही चमच्याने ओआरएस चालू ठेवा, अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध पाजणं बंद करू नका. मूल पिऊच शकत नसेल किंवा शुद्धीवर नसेल तर तोंडाने काही घालू नका, हेही त्याच चौकटीत लिहा.

पुडीचं मापही चौकटीत. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण पुडी मिसळायची. एक लिटरची पुडी एका पेल्यात घोळली तर क्षार अतोनात होतात आणि ते मुलाला घातक ठरतं. उरलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्यायचं. जुलाबाच्या प्रत्येक वेळेनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली. अशी मापं गोष्टीत घालायची नाहीत, कारण रात्री दोन वाजता बाईला ती शोधायची असतात आणि गोष्टीत शोधता येत नाहीत. ‘पुडी एका पेल्यात घोळली’ या चुकीवर मात्र पुढच्या महिन्यात स्वतंत्र प्रसंग लिहा. त्या चुकीमागेही चांगलं कारण आहे: मूल पितं जेमतेम पेलाभर, मग लिटरभर पाणी कशाला वाया घालवायचं?

खरी माणसं घेऊन लिहिणार असाल तर आधी त्यांना मजकूर वाचून दाखवा, होकार घ्या, आणि नाव-गाव बदलण्यावर थांबू नका. ज्या तपशिलावरून शेजारीण ओळखेल तो तपशीलही बदला. प्रसंग रचलेला असेल तर लेखाखाली तसं एका ओळीत लिहा. तुमच्यावर विश्वास ठेवून लोक मुलांना औषधं पाजतात, त्यांना हे कळायला हवं.

शेवटी तपासणी, जी तुम्ही आपणहून केलीत. ती थोडी बांधीव करा. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघरी जाऊन मीठ, गूळ आणि पाणी यांचं द्रावण करायला शिकवलं, सुमारे १ कोटी २० लाख घरांत. शिकवणाऱ्या बायकांचा मोबदला त्यांनी किती घरं केली यावर न ठेवता नंतरच्या पाहणीत मातांना किती मुद्दे आठवतात आणि द्रावण कितपत बरोबर जमतं यावर ठरवला होता. तुमच्यासाठी याचं छोटं रूप असं: लेख छापण्याआधी पाच-सहा जणींना वाचायला द्या. ‘आवडला का?’ विचारू नका. आठवड्याने दोनच प्रश्न विचारा. पहिला, ‘त्या लेखात काय झालं, मला सांगा बरं.’ दुसरा, ‘समजा आत्ता बाळाला पाजलंत आणि उलटी झाली, काय कराल?’ पुडी, पातेलं, चमचा समोर ठेवलंत तर आणखी उत्तम, करूनच दाखवू द्या. गोष्ट सांगताना चमचा आपोआप आला तर सांधा जुळला आहे. गोष्ट पूर्ण आली आणि चमचा वगळला गेला, तर माहिती अजून कडेला आहे, पेच पुन्हा रचा. ‘दहा मिनिटं’ऐवजी कोणी ‘थोडा वेळ’ म्हणाली तर घड्याळ जास्त ठसठशीत करा. आणि जिथे बहुतेकजणी एकच तपशील चुकीचा सांगतील, तिथे त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा. पुढच्या लेखात चुकणाऱ्या पात्राला तेच बोलायला द्या.